विश्लेषण : दिवसा मुंबई, रात्री नागपूर… डोलवीच्या खाडीकाठी दूरचे रेडिओ केंद्र कसे ऐकू येते?

पेण तालुक्यातील डोलवी हे धरमतर खाडीच्या काठचे गाव. पोलाद कारखाना, बंदर आणि मुंबई-गोवा महामार्ग ही त्याची आजची ओळख. मुंबईचे फोर्ट येथून सरळ रेषेत जेमतेम ३५ किलोमीटर. दुपारी साधा ट्रान्झिस्टर लावला तर मध्यमलहरींवर (मीडियम वेव्ह) मुंबई ठळक लागते आणि बाकी पट्टी बहुतांशी रिकामी असते. सूर्य मावळला की तीच पट्टी गजबजते. नागपूर, गुजरात, दक्षिणेतील केंद्रे, पहाटेच्या सुमारास अरबी भाषेतील आवाज एकमेकांत मिसळू लागतात. रेडिओ तोच, बॅटरी तीच, मग बदलले काय? या प्रश्नाच्या मागे लागलेले छंदिष्ट जगभर आहेत. त्यांच्या गप्पांत दोन विषय हमखास असतात. काल रात्री कोणते दूरचे केंद्र सापडले आणि जवळचा कोणता प्रक्षेपक सुरू वा बंद झाला. पहिला विषय विज्ञानाचा आणि दुसरा धोरणाचा. हे दोन विषय एकमेकांशी कसे जोडलेले आहेत आणि रायगडसारख्या जिल्ह्याला त्याचे महत्त्व का, याविषयी…

हा छंद नेमका काय आहे?

दूरचे रेडिओ केंद्र शोधून ऐकण्याच्या छंदाला ‘डीएक्सिंग’ म्हणतात. तारायंत्राच्या काळात ‘डीएक्स’ ही अंतरासाठी वापरली जाणारी खूण होती, तीच पुढे रेडिओत आली. हा छंद हॅम रेडिओपेक्षा वेगळा आहे. हॅम स्वतः संदेश पाठवतो, त्यामुळे त्याला परीक्षा द्यावी लागते आणि केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना घ्यावा लागतो. डीएक्सर फक्त ऐकतो. सार्वजनिक प्रसारण ऐकायला आज परवाना लागत नाही. एकेकाळी घरातल्या रेडिओसाठीही टपाल कार्यालयात वार्षिक शुल्क भरून पुस्तिकेवर तिकिटे लावून घ्यावी लागत. ही पद्धत १९८०च्या दशकात संपली.

डीएक्सरला कार्यक्रमापेक्षा केंद्राच्या ओळखीत अधिक रस असतो. भाषणाचा विषय, गाण्याची निवड यापेक्षा ‘हे आकाशवाणीचे अमुक केंद्र आहे’ हे एक वाक्य त्याला हवे असते. आकाशवाणीची सुपरिचित सुरुवातीची धून त्यासाठी उपयोगी पडते. मुंबई केंद्रावर काम केलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांच्या नावाशी जोडली जाणारी ही धून पहाटे सहाच्या आधी अनेक केंद्रांवर वाजते. धून कानी पडली की केंद्र भारतातले हे कळते. मग भाषा, प्रादेशिक बातम्या, स्थानिक जाहिराती यांवरून नेमके केंद्र ठरवायचे.

महाराष्ट्राला दूरचे केंद्र ऐकण्याची सवय कधीपासून?

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॉट आणि परिणामकारक पल्ला सुमारे ३० मैल. म्हणजे डोलवीचा खाडीकाठ त्या पल्ल्याच्या आत, पण काठावर होता. त्यापलीकडच्या गावांना रेडिओ ऐकायचा तर रात्रीची वाट पाहण्यावाचून पर्याय नव्हता. कंपनी १९३०मध्ये बुडाली, प्रसारण सरकारने हाती घेतले आणि १९३६मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले.

सामान्य श्रोत्याला दूरच्या केंद्राची गोडी लागली ती मात्र रेडिओ सिलोनमुळे. १९५२मध्ये माहिती व प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोलंबोहून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी यांच्या आवाजातील हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तेथून लघुलहरींवरून (शॉर्टवेव्ह) पुन्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचायच्या. बुधवारी रात्री सुई हळूहळू सरकवत, आवाज खालीवर होत असताना कान देऊन बसणारा प्रत्येक श्रोता नकळत डीएक्सिंगच करत होता. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली ती याच ओढीला उत्तर म्हणून. कोकणातल्या गावांत मात्र दैनंदिन सोबत होती ती ‘मुंबई ब’ केंद्राची. ‘कामगार सभा’, ‘आपली आवड’ आणि संध्याकाळी सातच्या प्रादेशिक बातम्या यांवर अनेक घरांचे घड्याळ चालत असे.

रात्रीच दूरचे केंद्र का लागते?

मध्यमलहरी दोन वाटांनी प्रवास करतात. एक वाट जमिनीला बिलगून जाते, तिला भूलहर म्हणतात. दुसरी वर आकाशात जाते, ती आकाशलहर. वातावरणाच्या वरच्या भागात, साधारण ६० किलोमीटरपासून पुढे, सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे हवेच्या अणु-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या विद्युतभारित पट्ट्याला आयनांबर म्हणतात. मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिकपार संकेत मिळवला, तेव्हा पृथ्वीच्या वक्रतेवर मात कशी झाली हे कोडे होते. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे असा परावर्तक थर असावा असे सुचवले. ॲपलटन यांनी १९२४मध्ये तो प्रयोगाने दाखवला आणि त्यांना १९४७चे नोबेल मिळाले. भारतात या संशोधनाचा पाया कोलकात्यात शिशिरकुमार मित्रा यांनी घातला.

या आयनांबराचे थर आहेत. सर्वात खालचा ‘डी’ थर साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर असतो. तेथे हवा तुलनेने दाट असल्याने लहरींमुळे हलणारे इलेक्ट्रॉन सतत अणु-रेणूंवर आदळतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. त्यामुळे दिवसा मध्यमलहरींची आकाशलहर वर जाते ती तेथेच संपते. सूर्यास्तानंतर याच दाट हवेत सुटे इलेक्ट्रॉन झपाट्याने पुन्हा जोडले जातात आणि ‘डी’ थर विरून जातो. वरचे ‘ई’ आणि ‘एफ’ थर विरळ हवेत असल्याने रात्रीही टिकतात. आता लहरीला वाटेत जिरवणारे कोणी नसते. ती वर जाऊन वळते आणि शेकडो किलोमीटर दूर खाली उतरते. डोलवीपासून सरळ रेषेत सुमारे ६९० किलोमीटरवरचे नागपूर दिवसा आवाक्याबाहेर असते ते रात्री याच वाटेने येते.

थर स्थिर नसल्याने एकाच केंद्राची लहर वेगवेगळ्या वाटांनी येते. त्या कधी एकमेकींना बळ देतात, कधी खोडून काढतात. आवाज लाटेसारखा चढतो आणि बुडतो तो यामुळे. त्यात दिशेचीही गंमत आहे. पूर्वेकडच्या केंद्रांवर अंधार आधी पडतो. रेखांशातील फरकामुळे नागपूरचा सूर्यास्त डोलवीपेक्षा साधारण २० ते २५ मिनिटे आधी होतो, म्हणून तिन्हीसांजेला पूर्वेकडची केंद्रे लवकर उगवतात. मस्कतचा सूर्योदय मात्र डोलवीपेक्षा सुमारे तासभर उशिरा होतो. त्यामुळे पहाटे, पूर्वेकडची केंद्रे मावळत असताना, आखाताच्या बाजूचे आवाज थोडा वेळ टिकून राहतात. अनुभवी श्रोते याच दोन संधिकाळांना रेडिओजवळ बसतात.

डोलवीच्या जमिनीचा यात काय संबंध?

आकाशलहरीला जमिनीशी फारसे देणेघेणे नसते, पण भूलहरीचे सारे भवितव्य जमिनीवर ठरते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. कोरड्या खडकाळ जमिनीच्या तुलनेत समुद्राच्या पाण्याची वाहकता हजार पटीहून अधिक असते. त्यामुळे पाण्यावरून जाणारी भूलहर फार दूरपर्यंत जोमदार राहते. मुंबईचे मध्यमलहरी प्रक्षेपक मालाडच्या मालवणी भागात, समुद्राजवळ आहेत. तेथून डोलवी सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर. वाटेतला मोठा भाग मुंबईचे बंदर, खाड्या, खाजण आणि खारभूमीचा. जणू लहरीसाठी ओला रस्ताच घातलेला. म्हणून येथे भर दुपारीही ५५८ किलोहर्ट्झवरील ‘मुंबई ब’, म्हणजे नंतरची ‘अस्मिता’ वाहिनी, सहज लागत आली.

पुण्याचे उदाहरण याउलट आहे. पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर ९०-९५ किलोमीटरवरून येते. अंतर फार नाही, पण मध्ये सह्याद्रीचा कोरडा बेसॉल्ट आहे. खडकावरून येताना ती बरीच झिजते. थोडक्यात, शेतकऱ्याला नकोशी असलेली खारी जमीन रेडिओला मात्र मानवते.

दुसऱ्या बाजूला डीएक्सरला डोलवीसारख्या औद्योगिक पट्ट्यात एक अडचण आहे, ती म्हणजे विद्युत गोंगाट. उच्चदाब वाहिन्या, मोठ्या मोटारींचे गतिनियंत्रक, वेल्डिंग यांतून मध्यमलहरींच्या पट्टीत खरखर उमटते. हे केवळ कारखान्यांपुरते नाही. घरातला स्वस्त एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जरही तेच करतो. दूरच्या केंद्राचा संकेत किती प्रबळ यापेक्षा तो या गोंगाटाच्या वर डोके काढतो का, हा खरा प्रश्न असतो. म्हणून छंदिष्टांचा पहिला सल्ला साधा असतो. घरातले चार्जर काढा, दिवे मालवा, बॅटरीवरचा रेडिओ घ्या आणि तारांपासून दूर, बांधावर जा. रेडिओच्या आत फेराइटची कांडी असते, तीच मध्यमलहरींची अँटेना. रेडिओ फिरवला की एका दिशेचा आवाज बुडतो. या युक्तीने खरखरीचा उगम ‘मिटवून’ किंवा एकाच कंप्रतेवरच्या दोन केंद्रांपैकी एकाला दाबून दुसरे ऐकता येते.

एफएम डोंगराआड का अडते?

एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांबीची, तर ५५८ किलोहर्ट्झची लहर ५३७ मीटरहून लांब. लांब लहर टेकड्यांना वळसा घालते, आखूड लहर जवळपास सरळ रेषेत जाते. आयनांबरही तिला सहसा परत पाठवत नाही, ती थेट अवकाशात निघून जाते. त्यामुळे एफएमचा पल्ला मनोऱ्याच्या उंचीवर ठरतो. १०० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून निघालेला संकेत जमिनीपासून दोन मीटरवर धरलेल्या रेडिओला, मध्ये काही आडवे नसेल तर, सुमारे ४७ किलोमीटरपर्यंत ‘दिसतो’. मनोरा जितका उंच तितके हे क्षितिज लांब.

या हिशेबात फोर्टपासून ३५ किलोमीटरवरचे डोलवी साधारण क्षितिजाच्या आत येते. मुंबईतून १००.७ आणि १०७.१ मेगाहर्ट्झवर चालत आलेल्या आकाशवाणीच्या एफएम वाहिन्या खाडीकाठच्या मोकळ्या भागात मिळण्याची शक्यता त्यामुळे चांगली. पण टेकडीच्या सावलीतील वाडीत तोच संकेत तुटतो. रोहा तर मुंबईपासून सरळ रेषेत ६० किलोमीटरच्या आसपास, कुंडलिकेच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत आहे. तेथे मुंबईचे एफएम हा भरवशाचा पर्याय नव्हे. नकाशावर वर्तुळ काढून ‘एवढा भाग व्यापला’ म्हणणे आणि दरीतल्या घरात प्रत्यक्ष आवाज येणे यांत कोकणात मोठे अंतर पडते.

मग उन्हाळ्यात समुद्रापलीकडचे एफएम कसे लागते?

याचे कारण समुद्रावरची हवा. साधारण फेब्रुवारी ते मे या काळात अरबी समुद्राच्या पृष्ठभागालगत दमट, तुलनेने थंड हवा असते आणि तिच्यावर कोरडी, उष्ण हवा पसरते. या दोन थरांच्या सीमेवर लहर खाली वळते, पाण्याकडे येते, पुन्हा वर जाते आणि जणू बोगद्यातून गेल्यासारखी शेकडो किलोमीटर पुढे सरकते. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर एरवी अशक्य वाटणारे आखातातील वा कराचीच्या बाजूचे एफएम संकेत अधूनमधून लागल्याच्या नोंदी छंदिष्ट ठेवत आले आहेत.

याचा सर्वात नामांकित पुरावा मुंबईचाच आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेल्या सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या ब्रिटिश रडारला उन्हाळ्यात हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळाले. युद्धानंतर लहरींच्या प्रसरणावर लिहिल्या गेलेल्या ग्रंथांत हे उदाहरण स्थिरावले. मोसमी वारे सुरू झाले की हवा ढवळली जाते, थर मोडतात आणि हा बोगदा बंद होतो. पावसाळा मध्यमलहरींसाठीही वाईटच. विजांच्या कडकडाटाची खरखर पट्टीभर भरून राहते. म्हणून मध्यमलहरींवरील शिकारीचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तर एफएमचा त्यानंतर मेपर्यंत.

सूर्य आणि अलिबागची वेधशाळा यांचा काय संबंध?

आयनांबर सूर्याने घडवलेले असल्याने सूर्याचा स्वभाव रेडिओवर उमटतो. साधारण ११ वर्षांच्या चक्रात सूर्यावरील डाग वाढतात आणि कमी होतात. सध्याच्या २५व्या चक्राने कमाल टप्पा गाठल्याचे ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झाले. सौरज्वाला उसळली तर दिवसा ‘डी’ थर अचानक दाट होतो आणि लघुलहरी काही मिनिटे ते तासभर गप्प होतात. सूर्याकडून आलेले भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळले तर भूचुंबकीय वादळ होते. १० आणि ११ मे २०२४ रोजी असेच तीव्र वादळ झाले, तेव्हा लडाखमधील हानले येथूनही आकाशातील लालसर प्रभा टिपली गेली.

ही वादळे मोजण्याची परंपरा डोलवीच्या शेजारीच आहे. मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१पासून भूचुंबकीय नोंदी होत होत्या. २ सप्टेंबर १८५९च्या विख्यात कॅरिंग्टन वादळाची कुलाब्याची नोंद आजही शास्त्रज्ञ अभ्यासतात. मुंबईत विजेवरील ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या प्रवाहाने सूक्ष्म नोंदी बिघडतील हे उघड होते. म्हणून १९०४मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि संस्थेचे मुख्यालय याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. शहरातल्या विजेच्या गोंगाटापासून दूर जाऊन ऐकण्याचा प्रयत्न रायगडात शतकभरापूर्वीच झाला होता, असे म्हणता येईल.

नोंद कशी ठेवतात आणि तिचा उपयोग काय?

केंद्र सापडले की तारीख, वेळ, कंप्रता, ऐकलेल्या मजकुराचा तपशील आणि दर्जा लिहून ठेवतात. वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. दर्जासाठी पाच अंकांची ‘सिनपो’ पद्धत आहे. संकेताची ताकद, इतर केंद्रांचा अडथळा, गोंगाट, चढउतार आणि एकूण दर्जा या प्रत्येकाला एक ते पाच गुण. ५५५५५ म्हणजे निर्दोष. हा अहवाल केंद्राला पाठवला की पोचपावती म्हणून ‘क्यूएसएल’ कार्ड येते. आकाशवाणीही अशी कार्डे देत आली आहे. प्रसारकाच्या दृष्टीने हे फुकटचे सर्वेक्षणच. प्रक्षेपक कुठवर पोहोचतो, कुठे कोणाशी टक्कर होते हे दूर बसलेला श्रोता कळवतो.

ही टक्कर टाळण्यासाठी आशिया, युरोप आणि आफ्रिकेत मध्यमलहरींच्या कंप्रता ९ किलोहर्ट्झच्या अंतराने आखल्या आहेत. १९७५च्या जिनिव्हा करारानुसार ही मांडणी नोव्हेंबर १९७८पासून लागू झाली. मुंबईच्या ५५८ आणि १०४४, पुण्याच्या ७९२, नागपूरच्या ५८५, रत्नागिरीच्या ११४३, सांगलीच्या १२५१, परभणीच्या १३०५ आणि पणजीच्या १२८७ या सर्व आकड्यांना ९ने नि:शेष भाग जातो तो याच कारणाने. एकच कंप्रता दूरदूरच्या अनेक केंद्रांना दिलेली असते. दिवसा ती एकमेकांना दिसत नाहीत, रात्री समोरासमोर येतात.

स्थानिक केंद्रांच्या बातम्यांना एवढे महत्त्व का?

जवळचा प्रक्षेपक चालू असेपर्यंत त्याच्या कंप्रतेवर दुसरे काही ऐकू येणे जवळपास अशक्य. तो बंद पडला की त्याच रात्री खालून एखादे दूरचे केंद्र वर येते. म्हणूनच कोणता प्रक्षेपक थांबला याची चाहूल छंदिष्टांना चटकन लागते. गेल्या काही वर्षांत अशा चाहुली वाढल्या आहेत. नागपूरच्या १५६६ किलोहर्ट्झवरील १,००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून रात्रभर देशाला ऐकू जाणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी २०१९च्या सुरुवातीला थांबली. बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरील प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी संपले. जुने मध्यमलहरी प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करून एफएमवर भर देण्याचे प्रसार भारतीचे धोरण आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी देशभरात १०० वॉटच्या ९१ एफएम प्रक्षेपकांचे एकाच वेळी उद्घाटन झाले ते त्याचाच भाग.

यामागे कारणेही आहेत. मध्यमलहरींचा प्रक्षेपक वीज खातो, उंच मनोरा आणि मोठी जागा मागतो. मोठ्या शहरांत त्या जागेला सोन्याचा भाव असतो. ऐकणारे कमी होत गेले, खरखर वाढली. एफएमचा आवाज स्वच्छ आणि मोबाइलमध्येही मिळणारा. हिशेब एफएमच्या बाजूचा आहे हे मान्यच करावे लागते.

पण आकाशवाणी देशाच्या ९२ टक्के भूभागात आणि ९९.१९ टक्के लोकांपर्यंत पोहोचते, हा वर्षानुवर्षे सांगितला जाणारा अधिकृत आकडा प्रामुख्याने मध्यमलहरींच्या लांब पल्ल्यावर उभा होता. शिवाय प्रश्न केवळ आवाजाचा नाही, बातमीचा आहे. भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११च्या धोरणानुसार त्यांना आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे घेता येते, इतकेच. ठरावीक मर्यादेत बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०२३मध्ये केली. तोवर रेडिओवरची स्थानिक बातमी म्हणजे आकाशवाणीच. म्हणूनच जून २०२३मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला तेव्हा तीव्र प्रतिक्रिया उमटल्या आणि तो स्थगित करावा लागला. दूरच्या केंद्राने आपल्या भागाची बातमी सांगणे आणि आपल्या केंद्राने ती सांगणे यांतला फरक श्रोत्यांना बरोबर कळत होता.

रायगडसाठी यात काय पणाला लागले आहे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे मनोरे बंद पडले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड परिसरातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात आणि संपर्काबाहेर राहिली. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातील तळीये आणि १९ जुलै २०२३ला खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या दरडींच्या घटनांत दुर्गम वाड्यांपर्यंत पोहोचणेच किती कठीण असते हे दिसले. रेडिओने या दुर्घटना टळल्या असत्या असे नाही. पण वीज आणि मोबाइल दोन्ही नसताना शेकडो चौरस किलोमीटरवर एकाच वेळी सूचना देऊ शकणारे साधन कोणते, हा प्रश्न या जिल्ह्याला वारंवार पडतो. दोन सेलवर आठवडाभर चालणारा रेडिओ आणि डोंगराला वळसा घालणारी लहर ही जोडी त्याचे जुने, स्वस्त उत्तर होते.

पर्याय सांगितले जातात. आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या अॅपवर दोनशेहून अधिक वाहिन्या ऐकता येतात, पण त्याला मोबाइलचे जाळे लागते आणि वादळात आधी तेच जाते. मोबाइलमधले एफएम इंटरनेटशिवाय चालते, मात्र अनेक नव्या फोनमध्ये ती सोयच नाही आणि डोंगराची सावली कायम आहे. तिसरा पर्याय ‘डीआरएम’ या डिजिटल पद्धतीचा. देशातील ३५ मध्यमलहरी प्रक्षेपक त्यासाठी सज्ज करण्यात आले. कमी विजेत स्वच्छ आवाज, एकाच कंप्रतेवर एकाहून अधिक कार्यक्रम आणि आपत्तीचा इशारा देण्याची सोय ही तिची जमेची बाजू. पण त्यासाठी वेगळा संच लागतो. काही मोटारींत तो आला, वाडीवरच्या घरात मात्र आलेला नाही. चौथा पर्याय छोट्या एफएम प्रक्षेपकांचा. डोंगराळ तालुक्यात एक मोठा मनोरा पुरत नाही, खोऱ्याखोऱ्यात छोटे प्रक्षेपक लागतात. मध्यमलहरी थांबवायच्या तर ते आधी उभे राहायला हवेत, कारण दरीतले घर आराखड्याच्या वर्तुळात असून भागत नाही, आवाजाच्या आत असावे लागते.

डीएक्सरच्या वहीत एखाद्या रात्री नवे दूरचे केंद्र नोंदवले जाते, तेव्हा त्याला आनंद होतो. त्यातल्या काही नोंदींचे कारण मात्र हवामान किंवा सूर्य नसते. जवळचे केंद्र गप्प झाले, म्हणून दूरचे ऐकू आले, एवढेच घडलेले असते. डोलवीच्या खाडीकाठी ५५८ किलोहर्ट्झवर उद्या परक्या भाषेतले गाणे स्वच्छ ऐकू येऊ लागले, तर छंदिष्टाच्या लेखी ती मोलाची नोंद ठरेल. रोह्यापलीकडच्या एखाद्या वाडीला मात्र त्याच जागी संध्याकाळी सातच्या बातम्या हव्या असतील.